छापून आलं तेवढंच

साळवे मॅडम वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायच्या. पहिलं पान सगळं गाव वाचतं, त्यासाठी आपल्याला कोण पगार देईल, असं त्या म्हणायच्या. आधी जाहीर सूचना, मग निविदा, मग नाव बदलल्याच्या, शेअर सर्टिफिकेट हरवल्याच्या, संचालक मंडळाच्या सभेच्या बारीक अक्षरातल्या नोटिसा. चष्मा कपाळावर सरकवून त्या कागद नाकाजवळ धरायच्या आणि उजव्या हाताचं बोट ओळीखालून पुढं जात राहायचं. मधूनच ते थांबायचं. "हं," एवढंच म्हणायच्या. ते ऐकलं की आम्ही सगळे हातातलं काम थांबवून त्यांच्याकडं बघायचो. कुठली तरी कंपनी एका हातातून दुसऱ्या हातात चालली आहे, याची ती पहिली चाहूल असायची.

आमचं ऑफिस क्रांती चौकाजवळ, एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर होतं. काम एकच. कोणती कंपनी कोण विकत घेतंय, कुणाचं कुणात विलीनीकरण होतंय, कोणत्या धंद्यात या खरेदी-विक्रीचं वारं सुटलंय, यावर नजर ठेवायची आणि दर सोमवारी वर्गणीदारांना आठ पानांचं पत्रक पाठवायचं. वर्गणीदार म्हणजे बँका, सीए मंडळी आणि वाळूजच्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे लहान कारखानदार. मोठा कारखाना विकला गेला की नवा मालक आपले जुने पुरवठादार सोबत आणतो, म्हणून या लहान लोकांचा जीव आमच्या पत्रकात अडकलेला असायचा. चौधरी साहेब मालक, आम्ही सहाजण नोकर. त्यात मॅडम सगळ्यात जुन्या आणि मी सगळ्यात नवी.

पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

"काय शिकलीस?"

"एम.कॉम."

"ते झालं. वाचता येतं का?"

मी नुसती हसले. त्यांनी एक कात्रण पुढं केलं. चिकलठाण्याची एक कंपनी आपलं नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात हलवणार होती, कुणाची हरकत असल्यास कळवावं, असं त्यात होतं. मी म्हटलं, ऑफिस हलतंय. "कशापायी?" असं त्यांनी विचारलं. जागा लहान पडत असेल, असं मी ठोकून दिलं. त्यांनी कंपन्यांच्या सरकारी नोंदणीची वेबसाइट उघडली. ती वेबसाइट फार बेभरवशाची होती. मॅडम तिला एखाद्या लहरी जावेसारखं वागवायच्या. "बोल गं बाई," "आज रुसलीय," असं चालायचं. त्या दिवशी ती बोलली. कंपनीवर दोन नवे संचालक आले होते, दोघांचा पत्ता एकाच इमारतीतला, त्याच दुसऱ्या राज्यातला. आणि मशिनरीवरचा बँकेचा बोजा मागच्याच महिन्यात उतरला होता.

"तू शेतकऱ्याची लेक ना? जमीन विकायची असली की आधी काय करत्यात?"

"सात-बारा कोरा करतात."

"मग? हितं काय झालंय?"

मला कळलं. त्या कंपनीच्या गाड्या मी रोज रस्त्यावर बघत होते. तीन आठवड्यांनी ती विकली गेल्याची बातमी पहिल्या पानावर आली.

या कामाची त्यांची एक ठरलेली फेरी होती. सकाळी वर्तमानपत्रं. मग शेअर बाजाराच्या वेबसाइटवर कंपन्यांनी टाकलेली निवेदनं, त्यातही संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर टाकलेली आधी. "चांगली बातमी कुणी अंधारात टाकतं का?" मग विलीनीकरणाचे अर्ज जिथं चालतात त्या न्यायाधिकरणाची दिवसाची यादी. मग पतमानांकन करणाऱ्या संस्थांचे अहवाल, तेही तळटिपांसकट. मालक गोड बोलतो आणि मानांकनवाला घाबरून खरं बोलतो, असं त्यांचं मत. शेवटी नोकरीच्या जाहिराती. शहराचं नाव बदललं त्या काळात निम्म्या नोटिसांत जुनं नाव यायचं, निम्म्यांत नवं; मॅडम प्रत्येक शोध दोनदा घ्यायच्या, आणि आम्ही एकदाच घेतला तर त्यांना नुसत्या निकालाच्या संख्येवरून कळायचं.

कानावर आलेली गोष्ट त्या वहीत पेन्सिलनं लिहायच्या. छापून आली की शाईनं. पत्रकात फक्त शाईतलं जायचं. चौधरी साहेबांना मोठमोठ्या लोकांचे फोन यायचे, ते कधी कधी केबिनमधून येऊन म्हणायचे, "मॅडम, आतली खबर आहे." मॅडम उठून पाण्याची बाटली भरायला जायच्या. खरोखर जायच्या. साहेब तिथंच उभे राहायचे.

विलीनीकरण आणि खरेदी यातला फरक मी त्यांना एकदा विचारला. पुस्तकातली व्याख्या मला पाठ होती, पण पत्रकात काय लिहायचं ते ठरत नव्हतं. त्या म्हणाल्या, "कागदावर विलीनीकरणच लिहित्यात. ते मानाला बरं वाटतं. तू सहा महिन्यांनी कँटीन बघ. कुणाचा स्वयंपाकी राहिला ते बघ. ज्याचा राहिला त्यानं दुसऱ्याला घेतलं."

म्हणून महिन्यातून दोनदा त्या सिटी बसनं वाळूजच्या कारखान्यांच्या फेरीला निघायच्या. गेटवरचा बोर्ड बदलला का, पहारेकऱ्यांचा गणवेश नवा आला का, ते डोळ्यांनी बघायच्या. एकदा मला बरोबर नेलं. मार्चमधली दुपार होती. एका कारखान्याच्या गेटसमोर आम्ही थांबलो आणि मॅडम बोर्डवरचं नाव लिहून घेऊ लागल्या. आतून एक पहारेकरी आला. वयस्कर माणूस होता, चांगला. त्यानं मॅडमना ओळखलं. रागावला नाही, त्यानं हात जोडले.

"बाई, पाया पडतो, पण आमच्या गेटवर थांबू नका. तुम्ही जिथं थांबता तिथं कंपनी ऱ्हात नाय म्हणत्यात. आमची लेकरंबाळं हाएत."

मला वाटलं मॅडम काही तरी तोडून बोलतील. त्यांनी नुसती मान हलवली, रस्ता ओलांडला आणि पलीकडं उन्हात उभं राहून उरलेलं लिहिलं. बसमध्ये बसल्यावर म्हणाल्या, "कावळा वरडला की पाव्हणा येतो म्हणत्यात. पाव्हणा यायचा तो येतोच. पर लोक दगड कावळ्यालाच मारत्यात."

पुढं मला कळलं की हे त्या एकट्या पहारेकऱ्याचं नव्हतं. मॅडम वाळूजच्या कारखान्यांलगतच्या बजाजनगरात राहायच्या. तिथं घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या कंपनीत. जिन्यात भेटलेला माणूस त्यांना दोनच प्रश्न विचारायचा, असं त्या सांगायच्या. पहिला, "आमच्या कंपनीचं काय ऐकलं का?" आणि त्या नाही म्हणाल्या की दुसरा, "नक्की ना?" बारशाला, वास्तुशांतीला त्यांना आमंत्रण यायचं, पण त्या आत आल्या की बोलणं जरा थांबायचं. एकदा वरच्या मजल्यावरच्या बाईंनी नव्या घराचा नारळ फुटेपर्यंत त्यांना खालीच गप्पांत गुंतवून ठेवलं होतं. ते मॅडमच्या लक्षात आलं होतं. मग त्यांनी जाणंच कमी केलं. ऑफिसात सुद्धा त्या ठीक एक वाजता आपल्या टेबलावर, संगणकाकडं तोंड करून जेवायच्या. ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि ठेचा. आम्ही पाचजण आतल्या खोलीत जेवायचो. त्यांना बोलवावं असं मला सुरुवातीला रोज वाटायचं. नंतर वाटेनासं झालं.

त्या चुकत नव्हत्या असं नाही. एकदा मोठीच चूक झाली. वाळूजची पुठ्ठ्याची खोकी करणारी एक कंपनी मोडीत काढायची नोटीस आली आणि मॅडमनी ती शाईत घेतली. तिथं फोर्कलिफ्ट चालवणारे सलीमभाई त्यांच्याच इमारतीत राहायचे. मॅडमनी जिन्यात थांबवून त्यांना नोटीस वाचून दाखवली. सलीमभाईंनी आठ दिवसांत दुसरीकडं नोकरी धरली, कमी पगाराची. आणि मग कळलं की नोटीस जवळजवळ त्याच नावाच्या दुसऱ्या कंपनीची होती, दुसऱ्या राज्यातली. वाळूजची कंपनी जागच्या जागी ठणठणीत होती.

ते कळलं त्या दिवशी मॅडम अर्ध्या दिवसाची रजा टाकून सलीमभाईंच्या घरी गेल्या. ही गोष्ट मला सलीमभाईंनीच सांगितली, ऑफिसात एकदा कागद द्यायला आले तेव्हा. "मॅडम दारात उभ्या. चप्पल भी नहीं निकाली. दोनो कागद दाखवले, ये देखो ये नंबर, ये देखो वो नंबर, मेरी गलती है बोले. मी म्हटलं, जाने दो मॅडम, चहा घ्या. तो रोने लगे. मेरेकू समझ में नहीं आया, ऐसे मौके पे आदमी क्या करता." त्यानंतर आमच्या ऑफिसात कंपनीच्या नावावर कुणी बोलायचं नाही असा नियम झाला. नोंदणी क्रमांक मोठ्यानं दोनदा वाचायचा. एकानं वाचायचा आणि दुसऱ्यानं बोट ठेवून बघायचं.

मग साहेबांनी एका परदेशी कंपनीचा मोठा डेटाबेस घेतला. जगभरातले असे व्यवहार त्यात रोज भरले जायचे. कोणत्या धंद्यात किती, कोणत्या देशात किती, आलेख आपोआप निघायचे. आम्हा तरुणांना वाटलं, आता मॅडमची वही संपली. झालं उलटं. आम्ही दोन दिवसांत कंटाळलो आणि मॅडम त्यात बुडाल्या. शिकवायला आलेल्या तरुणाला त्यांनी इतके प्रश्न विचारले की त्याची परतीची गाडी चुकली. आलेख बघून त्यांना लहान मुलीसारखा आनंद व्हायचा. "बघ मनीषा, ह्या वर्षी जगात सगळे रंगवाले एकमेकाला गिळायलेत. म्हणजे आपल्याकडं कधी येईल?" आणि त्या हिशेबानं त्या वाळूजच्या रंगाच्या कारखान्यांवर आधीपासून डोळा ठेवायच्या.

फक्त एकदा त्यांनी त्या तरुणाला विचारलं होतं, की शेंद्र्याच्या अमुक एका ओतशाळेचा व्यवहार यात का दिसत नाही. लोखंडाचं ओतकाम करणारी, चाळीस माणसांची ओतशाळा होती ती, जालन्याच्या एका माणसानं विकत घेतलेली. तो म्हणाला, "मॅडम, इतके लहान व्यवहार आम्ही धरतच नाही."

"आमच्या हितं तर सगळे तुमच्या न धरलेल्यातच राहत्यात," मॅडम म्हणाल्या. आणि वही पुढं चालू राहिली.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले. पत्रकाचा वार्षिक अंक निघायचा होता आणि त्यांना ताप होता, म्हणून एका रविवारी सकाळी मी मजकूर दाखवायला बजाजनगरला गेले. एक खोली आणि स्वयंपाकघर. कोपऱ्यात लहानशी बुद्धमूर्ती, पुढं ताजी फुलं. ताप असूनही त्यांनी भाकरी थापली. मला वाढायला फडताळातून एक स्टीलचं ताट काढलं. त्यावर दुकानाचं लेबल तसंच होतं. त्यांनी ते नखानं खरवडलं, निघेना, मग गरम पाणी ओतून घासून काढलं. "घेऊन लई वर्षं झाली," एवढंच म्हणाल्या.

खिडकीत एक दगड होता. अजिंठ्याला लेण्यांपाशी विकतात तसला, फोडल्यावर आतून जांभळे स्फटिक चमकणारा. मी सहज म्हटलं, छान आहे.

"आमच्या भावाकडनं घेतला," त्या म्हणाल्या, आणि मग जेवण तसंच राहिलं.

त्यांचं गाव अजिंठ्याजवळ. त्या आणि त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, दोघं एकाच वेळी शहरात आलेले. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात अण्णा पत्रे दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये लागले आणि पुढं मॅडम तिथंच मॅनेजरच्या स्टेनो झाल्या. बहीण केबिनमध्ये बसते याचा अण्णांना फार अभिमान. एक दिवस मॅनेजरनं त्यांना लिहून घ्यायला एक पत्र सांगितलं. कारखाना विकायचं ठरलं होतं. पत्र टाइप करण्याआधी एका कागदावर सही घेतली, की यातलं एक अक्षर बाहेर बोलणार नाही.

"त्याच महिन्यात अण्णाला दुसऱ्या कंपनीतनं बोलावणं आलं. पर्मनंट. संध्याकाळी सायकलवर बसून माझी वाट बघत थांबला गेटवर. म्हणला, शकू, तू साहेबाच्या केबिनात असतीस. हितं ऱ्हाऊ का तिकडं जाऊ?"

"मग?"

"मी म्हणले, मला काय ठावं अण्णा."

त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

अण्णा राहिले. नव्या मालकानं चार महिन्यांत यंत्रं हलवली, प्रेस शॉप बंद केलं. युनियन कोर्टात गेली तेव्हा ते पत्र तिथं हजर झालं आणि त्याच्या झेरॉक्स कामगारांत फिरल्या. पत्राच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असायची तशी होती.

"झेरॉक्स घेऊन घरी आला. त्या कोपऱ्यावर बोट ठिवलं. म्हणला, शकू, ही अक्षरं तुझीच का? मी व्हय म्हणले. तारीख बघितली त्यानं. मला काय बोलला नाय. घडी घातली, खिशात ठिवला आन् गेला. वहिनी बोलती माझ्याशी, पोरं बोलत्यात. तो नाय बोलत."

अण्णा गावी परतले आणि लेण्यांपाशी पर्यटकांना दगड विकू लागले. मॅडम दर वर्षी गावी जायच्या. त्या घरात असल्या की अण्णा जेवून बाहेर जायचे. एका वर्षी त्या सरळ त्यांच्या स्टॉलवर गेल्या. मुंबईची माणसं दगड बघत होती, त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. अण्णांनी वर बघितलं.

"मी हा दगड उचलला. म्हणले, केवढ्याला? मला वाटलं, हसंल, न्हायतर शिवी तरी दील. त्यानं गिऱ्हाइकाला सांगतात तो भाव सांगितला. मी दिला. कागदात गुंडाळून दिला त्यानं."

त्यांनी ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तवाच ठरवलं बघ. चोरून कळतं ते आपण ऐकायचंच नाय. ऐकलं की मग गप बसावं लागतं. आणि उघड्यावर छापून आलंय ते कुणापासनं लपवायचं नाय. छापून आलं तेवढंच सांगायचं, पण सांगायचंच."

हे त्या बोलल्या तेव्हा मला ती एका दुखावलेल्या बाईची समजूत वाटली होती. तिचा आपल्याशी कधी संबंध येईल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मला पुण्याहून नोकरीचं पत्र आलं. जाऊ की नको, माझं ठरत नव्हतं. चौधरी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "मनीषा, पुढची पाच वर्षं या ऑफिसची आहेत. तू इथंच मोठी होशील." मी नकार कळवायचं ठरवलं. मॅडमना तसं सांगितलंही. त्या "बरं" म्हणाल्या.

दोन दिवसांनी सकाळी त्या नोंदणीच्या वेबसाइटवर होत्या आणि त्यांनी "हं" म्हटलं नाही. मी बघितलं तर त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. मग त्यांनी मला बोलावलं आणि हळू आवाजात म्हटलं, "नंबर वाच." मी नोंदणी क्रमांक वाचला. त्यांनी बोट ठेवलं. "परत वाच." मी परत वाचला. तो नंबर आमच्याच लेटरहेडवर छापलेला होता. आमच्या कंपनीवर दोन नवे संचालक आले होते, हैदराबादच्या पत्त्याचे.

त्या उठल्या आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार अर्धं उघडंच राहिलं, त्यामुळं मला ऐकू येत होतं.

"साहेब, आपला कागद लागलाय तिथं. लोकांना तुम्ही सांगता का मी सांगू?"

साहेब म्हणाले, "मॅडम, दोन महिने. व्यवहार पुरा होऊ द्या. आत्ता माणसं सोडून गेली तर ते लोक मागं हटतील. तुम्हाला ते ठेवणार आहेत, मी शब्द घेतलाय."

"माझं नाय विचारलं साहेब."

"अहो, मी तुम्हाला पंधरा वर्षं सांभाळलंय."

"व्हय," मॅडम म्हणाल्या. "म्हणून आधी तुमच्याकडं आले. पर कागद साऱ्या जगाला दिसायलाय. आपल्याच माणसांनी तेवढा बघायचा नाय का?"

त्या दिवशी एक वाजता त्या पहिल्यांदाच आतल्या खोलीत आल्या. डबा आणला नव्हता. दारातच उभ्या राहून, जे छापलं होतं तेवढंच त्यांनी सांगितलं. पुढं काय होईल ते सांगितलं नाही. आम्ही विचारलं तरी नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी त्याच संध्याकाळी पुण्याला होकार कळवला.

आमच्यापैकी चौघांना वेळेत दुसरं काम मिळालं. व्यवहार झाला, थोड्या कमी भावात झाला असं म्हणतात. नव्या लोकांनी वर्गणीदारांची यादी घेतली आणि क्रांती चौकाचं ऑफिस बंद केलं. मॅडमना ठेवलं नाही. चौधरी साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी मॅडमसाठी दुसऱ्यांदा शब्द टाकला नाही. आणि गंमत बघा, ज्यांना नोकऱ्या मिळाल्या होत्या तेच म्हणत होते, "मॅडमनी जरा दमानं घ्यायला हवं होतं." मॅडमच्या शेवटच्या दिवशी निरोप समारंभ झाला नाही. प्रत्येकाला काही ना काही काम निघालं. मी पुण्यात घर शोधत होते. फोन करायचा होता, तो आज करू, उद्या करू म्हणता राहिला. आठ महिने राहिला, मग वर्ष झालं. मग फोन करायचीच लाज वाटायला लागली.

पुण्यात माझं काम थोडं वेगळं आहे. एखादी कंपनी विकत घ्यायची असली की घेणाऱ्याच्या वतीनं आमची माणसं आधी ती तपासून येतात. पगार चांगला आहे. प्रत्येक कामाच्या आधी गुप्ततेच्या करारावर सही करावी लागते. एव्हाना मी कितीतरी केल्या आहेत.

मागच्या हिवाळ्यात अशाच कामासाठी आम्ही चौघं वाळूजला गेलो. मोठा कारखाना, दोन-अडीच हजार माणसं. दुपारी साडेतीनला पोहोचलो, पाळी सुटायची वेळ. गेटवर गाडी थांबली. पुण्याची पासिंग असलेली काळी गाडी, आत कोट घातलेली माणसं. पहारेकरी नावं लिहून घेत होता. मी खिडकीच्या बाजूला होते.

रस्त्याच्या पलीकडं चहाची टपरी होती आणि तिथं साळवे मॅडम उभ्या होत्या. वाळल्या होत्या. तीच कापडी पिशवी खांद्याला. दोन कामगारांना त्या हातातला कागद वाचून दाखवत होत्या. आणखी तिघं-चौघं जरा अंतर राखून ऐकत होते, जवळ येत नव्हते.

त्यांनी मान वर केली आणि गाडीकडं बघितलं. मग मला बघितलं. काच खाली होती. आमच्यात फक्त रस्ता होता.

त्या मला ओळखून हसल्या. चेहरा उजळणं म्हणतात तो असा असतो. हातही अर्धा वर गेला. आणि मग, मी बघत असतानाच, त्यांची नजर माझ्यावरून गाडीच्या नंबरवर गेली, शेजारच्या माणसाच्या मांडीवरच्या फायलींवर गेली, गेटवर गेली. हात खाली आला. त्यांना सगळं कळलं होतं. पाच सेकंदही लागले नाहीत.

मी खाली उतरू शकले असते. नुसतं "मॅडम" म्हणायला कुठलाही करार आडवा येत नव्हता. मी काच वर केली.

मला वाटलं, आता मॅडम त्या माणसांना काही तरी सांगतील. एक शब्द पुरला असता. शेजारच्या कामगारानं गाडीकडं बोट दाखवून त्यांना विचारलंही. ऐकू आलं नाही, पण काय विचारलं असेल ते मला माहीत होतं. मॅडमनी मान नकारार्थी हलवली. हातातल्या कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली. गाडीकडं पाठ केली आणि बजाजनगरच्या दिशेनं चालू लागल्या. पाळी सुटली होती. गेटातून माणसांचा लोंढा बाहेर पडत होता, आणि त्यातला जो तो त्यांना जागा देऊन, जरा बाजूनं जात होता.